अबोल्यातलं विमान

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, पण कारण कळल्यावर तुझा राग पळेल. ताई, विमान झालं! सुटे भाग लाकडी खोक्यांतून आले तेव्हा तू लिहिलं होतंस की याचं फार तर कपडे ठेवायचं कपाट होईल. तर तुझ्या त्या कपाटाला आता इंजिन आहे, शेपूट आहे, चाकं आहेत आणि दोन माणसांना शेजारी शेजारी बसायला जागा आहे. धड बैठकीच्या खोलीत उभं आहे, पंख जेवणाच्या खोलीत भिंतीला टेकून. आम्ही स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहून जेवतो. तुझ्या वहिनीला हे आवडत नाही, पण तिला काय आवडतं याची यादी तशी छोटीच आहे.

दवाखान्यातली सगळी विद्या इथे उपयोगी पडली. पंखाच्या आतली रिव्हेट नीट बसली की नाही ते मी दात बघायच्या आरशाने पाहिलं. दाढ पोखरणारा माणूस पत्रा पोखरायला घाबरत नाही. माझे पेशंटही या कामात किती रस घेतात म्हणून सांगू! खुर्चीत तोंड उघडं ठेवून सगळं ऐकून घेतात, मधे एक शब्द बोलत नाहीत.

मान मात्र कामातून गेली. जन्मभर लोकांच्या जबड्यात वाकून पाहिल्याचं हे बक्षीस. आता गळ्याला पट्टा असतो, आणि मान ना डावीकडे वळते ना उजवीकडे. पण विमानाला पुढेच जायचं असतं, त्यामुळे चिंता नाही.

शनिवारी माणसं येऊन विमान मैदानावरच्या शेडमध्ये नेतील. पंख दारातून निघणार नाही असं तुझी वहिनी पहिल्या दिवसापासून म्हणते आहे. मी दार मोजून दाखवलं, तरी तिचं पालुपद चालूच. दाजींना नमस्कार. लोभ आहेच, तो मी उडून खाली येईपर्यंत तरी आटू देऊ नकोस.

तुझा,
बाब्या


ता. १२ फेब्रुवारी

ती. ताईंस,
कृ. सा. न. वि. वि.

तुमच्या बंधुराजांनी कळवलं नसणार, म्हणून मी कळवते. पंख दारातून निघाला नाही.

दार मोजलं होतं हे खरं. पण दारासमोर जिना आहे, तो मोजला नव्हता. पंख निम्मा बाहेर गेला, कठड्याला टेकला आणि तिथेच बसला. पुढे जाईना, मागे येईना. हे मधे उभे राहून हमालांना जरा तिरपा घ्या, जरा अजून तिरपा घ्या म्हणत होते, आणि हमाल एकमेकांकडे बघत होते. आतली माणसं आत अडकली, बाहेरची बाहेर. वरच्या मजल्यावरच्या बाई भाजी घेऊन आल्या, त्या पंखाखालून रांगत घरी गेल्या.

ताई, खोटं कशाला बोलू, मी हसले. आधी तोंड दाबून हसले, मग दाबता येईना. हमालही हसायला लागले. ह्यांचा चेहरा असा झाला की कोणी त्यांचाच दात उपटतंय. शेवटी गवंडी बोलावला, खिडकी चौकटीसकट काढली, खालची भिंत पाडली आणि तिथून ते धूड बाहेर काढलं. माझ्या बैठकीच्या खोलीला आता ताडपत्रीची भिंत आहे. वारा आला की ती आत येते आणि सोफ्यावर बसलेल्याला धपाटा घालते.

त्या दिवसापासून आमचा अबोला. त्यांचं म्हणणं, मी हसल्याबद्दल माफी मागावी. माझं म्हणणं, त्यांनी भिंतीबद्दल मागावी. घरातला कारभार चिठ्ठ्यांवर चालतो. तसं बोलत होतो तेव्हा तरी माझं कुठे ऐकत होते म्हणा! दूध नासलंय म्हटलं तर स्वतः हुंगून बघणार. बाहेर पाऊस आहे म्हटलं तर हात बाहेर काढून बघणार. लग्न झाल्यापासून माझा एकही शब्द ह्यांनी तपासून पाहिल्याशिवाय घेतलेला नाही.

तुम्ही मोठ्या आहात, कान उपटा त्यांचे. मी लिहिलंय असं मात्र कळू देऊ नका. पत्रागणिक माया वाढवलीत तशीच याही वेळी वाढवा.

तुमची,
वहिनी


ता. १९ फेब्रुवारी

चि. बाब्यास आणि चि. सौ. वहिनीस,
दोघांना अ. उ. आ.

एकाच पाकिटात दोघांना लिहिते आहे, म्हणजे निदान पाकीट फोडायला तरी एकत्र याल.

बाब्या, लोकांच्या एवढ्याशा तोंडातून अक्कलदाढ बाहेर काढणारा तू, आणि तुला घरातून पंख बाहेर काढता येऊ नये? लहानपणी खाटेखाली बसून होडी बनवलीस, तेव्हा ती बाहेर काढायला बाबांनी खाट उचलली होती. तू साठीला आलास, अक्कल अजून खाटेखालीच आहे. वहिनी, तू हसलीस ते योग्यच केलंस. हमालांसमोर हसलीस ते चुकलं. नवऱ्याला हसायचं तर दार लावून हसावं. दारात पंख अडकला होता ही अडचण मला समजते.

शाळेत मी वर्षानुवर्षं कवायत घेतली. मैदानभर मुली एका शिट्टीवर वळायच्या. तुम्ही दोघं मात्र दोन तोंडं दोन दिशांना करून बसला आहात. अरे, ज्या यंत्रात बसून माणूस जमीन सोडतो, ते अबोल्यात जोडतात का? मला त्या पत्र्यातलं काही कळत नाही. पण बाब्या, तो पत्रा वरून खाली आला तर तुझं काय होईल तेवढं कळतं, आणि मला एकच भाऊ आहे. आधी तोंडं उघडा, मग उडा. दाजी म्हणतात की मी जास्त लिहिते. त्यांना मी चहाला बसवून ठेवलंय.

दोघांवरही जीव असलेली, पण तो आजकाल टांगणीला लागलेली,
ताई


ता. ६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. होडीचा उल्लेख टाळता आला असता.

चांगली बातमी आधी. सरकारी तपासनीस मैदानावर आले, प्रत्येक बोल्ट बोटाने चाचपून पाहिला आणि उडायला परवानगी देऊन गेले. जाताना म्हणाले की इतकं स्वच्छ काम त्यांनी क्वचित पाहिलं आहे. हे वाक्य तुझ्या वहिनीच्या कानावर घाल, मला घालता येत नाही.

ते गेल्यावर एक बारीकशी कटकट निघाली. विमान कलवायची दांडी जड चालायला लागली. तुला समजेल असं सांगतो. दोन्ही पंखांच्या मागच्या कडेला एकेक झडप असते. दांडी डावीकडे नेली की डावी झडप वर जाते, उजवी खाली, आणि विमान डावीकडे कलतं. उजवीकडे नेली की उजवी वर. हे सगळं चालतं सीटमागून जाणाऱ्या केबलवर. पाहतो तर केबल कप्पीला घासून झिजलेली. नव्या आणून मीच बसवल्या. एवढ्याशासाठी साहेबांना पुन्हा कुठे बोलवायचं? परत महिनाभर वाट बघत बसावं लागलं असतं.

नुसत्या बसवल्या नाहीत, तपासल्याही. झडपा खांद्याच्या मागे, वर असतात, आणि माझी मान तर वळत नाही. म्हणून टेबलावर चिठ्ठी ठेवली: विमानासमोर उभं राहावं, ज्या बाजूची झडप वर जाईल त्या बाजूचा हात वर करावा, सगळं ठीक असेल तर शेवटी दोन्ही हात वर. तुझी वहिनी मुकाट्याने आली. दांडी डावीकडे नेली, तिने डावा हात वर केला. उजवीकडे नेली, उजवा. मग दोन्ही. अबोल्यात काम किती सुरळीत होतं बघ! बोलत असतो तर अजून वाद चालला असता.

पुढच्या रविवारी, १५ तारखेला सकाळी उडतो. काळजी करू नकोस. आशीर्वाद पाठव, उपदेश नको.

तुझा,
बाब्या


ता. ८ मार्च

ती. ताईंस,
कृ. सा. न. वि. वि.

रविवारी उडणार आहेत, हे मला दवाखान्यातल्या नर्सकडून कळलं. तिला एका पेशंटकडून कळलं. घरातली बातमी मला अशी गावाला वळसा घालून मिळते.

परवा मला मैदानावर नेलं होतं. नेलं म्हणजे चिठ्ठी आली आणि मी गेले. हे आत गळ्यात पट्टा घालून, पुतळ्यासारखे ताठ. मी विमानाच्या नाकासमोर, त्यांच्याकडे तोंड करून उभी. झडप ज्या बाजूला वर जाईल त्या बाजूचा हात वर करायचा होता. मी अगदी लक्ष देऊन केलं. झडप माझ्या डाव्या हाताला वर गेली की डावा, उजव्या हाताला गेली की उजवा. शेवटी सगळं हलतंय म्हणून दोन्ही हात वर. हे समाधानाने हसले. पट्ट्यामुळे नुसतेच ओठ हसतात, बाकीचा चेहरा येत नाही. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी डोक्यावरचं काचेचं झाकण लावून घेतलं.

ताई, तुम्हाला म्हणून सांगते. मी त्या विमानाला तीन वर्षं नावं ठेवतेय. खटारा म्हणाले, सवत म्हणाले, पत्र्याचा डबा म्हणाले. पण रविवार जवळ येतोय तशी मी रात्री उठून हे झोपलेत का ते बघून येते. मला भीती वाटते, आणि हे त्यांना सांगायचं तर आधी मी बोलायला हवं. मी बोलले की मी हरले. रविवारी मी मैदानावर जाणार नाही. घरी बसून ताडपत्रीकडे बघत बसेन.

तुमचा हात डोक्यावर आहे तो तसाच राहू द्या.

तुमची,
वहिनी


ता. १४ मार्च

चि. बाब्यास,

आशीर्वाद नंतर. सोबत तार केली आहे, ती या पत्राच्या आधी पोचावी म्हणून दुपारभर तारघराच्या बाबूच्या टेबलापुढे उभी होते. त्याने शब्द कमी करा म्हटलं, मी त्यालाच गप्प केलं.

तुमची दोन पत्रं पुढेमागे आली. तुझं वाचलं, तेव्हा कवायतीच्या सवयीने डोळे मिटून वहिनीला मनातल्या मनात विमानासमोर उभं केलं, पण तिचं तोंड कुठल्या दिशेला ते तू लिहिलं नव्हतंस. मग आज तिचं वाचलं आणि तडक उठले. दाजींना खुर्चीवर बसवलं, हातात लाटणं दिलं, मी समोर उभी राहिले, आणि तीनदा करून पाहिलं. दाजी म्हणाले, चहा तरी दे. अरे गाढवा, ती तुझ्याकडे तोंड करून उभी होती! तिचा डावा हात तुझ्या उजव्या बाजूला येतो. तू दांडी डावीकडे नेलीस आणि तिने डावा हात वर केला, म्हणजे तुझी उजवी झडप वर गेली. तू केबल उलट्या जोडल्या आहेस. विमान डावीकडे कलवायला जाशील, ते उजवीकडे पडेल. तू घाबरून अजून डावीकडे ओढशील आणि ते अजून उजवीकडे पडेल.

मी मुलींसमोर उभी राहून उजवा हात म्हणताना स्वतःचा डावा वर करायची. मला हे झोपेतही कळतं. तुला का कळलं नाही तेही मला माहीत आहे. तू दातांचा डॉक्टर. खुर्चीतल्या माणसाची डावी दाढ ती डावी, मग ती तुझ्या कुठल्याही हाताला येवो. समोर माणूस दिसलं की त्याची डावी ती डावी, ही तुझी जन्माची सवय. त्या सवयीमुळे तू कधी चुकीचा दात उपटला नाहीस. आता त्याच सवयीने बायकोचा हात वाचलास. तिने हात बरोबर वर केला, तू तिला पेशंट समजलास.

आणि एवढं कळायला तिला फक्त एक वाक्य बोलावं लागलं असतं, की हो, माझ्या या बाजूची. पण तुम्ही बोलत नाही ना! तार मिळाली नसली तरी देवाशपथ सांगते, आधी बघ, मग उड. तू खाली दिसलास की आशीर्वाद देईन, तोवर माझ्याकडे शिव्याच आहेत.

ताई


ता. १६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी खाली आहे. वर गेलोच नाही.

तार घरी गेली, मी मैदानावर होतो. इंजिन चालू केलं, झाकण लावलं, धावपट्टीच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. एवढ्यात बेकरीची पावाची गाडी धूळ उडवत आत आली आणि त्यातून तुझी वहिनी उतरली. चपला हातात. धावत येऊन विमानाच्या नाकासमोर उभी राहिली आणि तिने दोन्ही हात वर केले.

ताई, दोन्ही हात वर म्हणजे सगळं ठीक. तसंच ठरलं होतं. माझा ऊर भरून आला. म्हटलं, आली बाबा, शेवटी आली, अबोला मोडायला आणि मला निरोप द्यायला आली. मीही हात हलवला आणि इंजिन वाढवलं. ती हात जोरजोरात हलवू लागली, मीही जोरजोरात हलवला. विमान सरकायला लागलं. तेव्हा ती मटकन खाली बसली. धावपट्टीच्या मधोमध, मांडी घालून, जशी काही पंगतीला बसली आहे.

इंजिन बंद केलं आणि खाली उतरून जे तोंडाला येईल ते बोललो. तुला लिहिण्यासारखं त्यात काही नाही. अबोला माझ्याच बाजूने मोडला, हे तिने मला नंतर दाखवून दिलं. तिने तार हातात दिली, तीत केबल उलट्या आहेत, उडू नकोस असं होतं. मला वाटलं, तुम्हा नणंद-भावजयीचं हे ठरवून केलेलं कारस्थान. तुम्हाला खोटं पाडायचं म्हणून पुन्हा आत बसलो, गळ्याचा पट्टा सोडला, दांडी डावीकडे नेली आणि मान वळवली. कडकन आवाज झाला. डावी झडप खाली गेली होती. दांडी तशीच धरून मान दुसरीकडे वळवली, तर उजवी वर.

मी तसाच दांडी धरून बसलो. बेकरीवाल्याने धरून खाली उतरवलं. पट्टीवर आम्ही दोघं शेजारी बसून राहिलो, आणि ती रडत होती, आणि माझ्याही डोळ्यांत पाणी होतं. मान दुखत होती म्हणून, असं मी बेकरीवाल्याला सांगितलं. तिचा हात बरोबर होता, ताई. वाचणारा चुकला. साहेबांना पुन्हा बोलावलं आहे. ते मला काय काय म्हणाले ते याच पत्रात लिहिलं तर टपाल खातं पत्र परत पाठवेल.

उपदेश नको म्हणालो होतो, ते शब्द मागे घेतो.

तुझा,
बाब्या


ता. ३० मार्च

ती. ताईंस,
कृ. सा. न. वि. वि.

काल उडाले, आणि सुखरूप उतरले. हे आधी लिहिते, नाहीतर पुढचं वाचायला तुमचा धीर राहणार नाही.

साहेबांनी केबल स्वतः उभं राहून बदलून घेतल्या. झडपा त्यांनी पाहिल्या, ह्यांनी मान मोडत पाहिल्या, मीही पाहिल्या. या वेळी हातवारे नव्हते. मी मोठमोठ्याने ओरडून सांगत होते, तुमच्या डावीकडची वर, तुमच्या उजवीकडची खाली. साहेब कानावर हात ठेवून म्हणाले, कळलं, बाई, कळलं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. त्या दिवसापासून हे बदललेत. माझं ऐकतात. मी जे म्हणेन ते खरं धरतात, पुन्हा तपासायला जात नाहीत. तुम्ही म्हणाल, मग छानच की. मलाही पहिले चार दिवस छान वाटलं. पाचव्या दिवशी कुठल्याशा औषधाची गोळी सकाळची की संध्याकाळची असं त्यांनी विचारलं, मी अंदाजाने सांगितलं आणि त्यांनी ती गिळून टाकली. मग मी धावत जाऊन बाटली वाचली.

काल विमानात बसण्याआधी ते माझ्यासमोर उभे राहिले आणि विचारलं, उडू का? नुसतं विचारायचं म्हणून नाही, ताई. मी नाही म्हटलं असतं तर ते तिथूनच परत फिरले असते आणि पुन्हा विमानाचं नाव काढलं नसतं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. तीन वर्षं मी रोज नाही म्हणत होते. बिनधास्त म्हणत होते, कारण कोणी ऐकणार नाही याची खात्री होती. काल पहिल्यांदा ऐकणारा माणूस समोर होता. त्यांचे हात पाहिले. सगळ्या बोटांना पत्र्याचे ओरखडे. आणि माझ्या तोंडून गेलं, उडा.

ते वर गेले. सगळे वर बघत होते. मी जमिनीकडे बघत होते आणि आवाज ऐकत होते. झाडांपलीकडे आवाज बारीक झाला, मग नाहीसाच झाला. पूर्वी काही बिघडलं की म्हणायला माझ्याकडे एक हक्काचं वाक्य होतं, मी सांगत होते. काल तेही राहिलं नव्हतं. सांगितलं होतं ते मीच, आणि ते उडा असं सांगितलं होतं. एवढी एकटी मी अबोल्यातही नव्हते.

मग आवाज परत आला. उतरताना दोनदा उसळले, तिसऱ्यांदा टेकले. बाहेर आले तेव्हा लहान मुलासारखे लालबुंद. मी रागावून घेतलं, रडून घेतलं. साहेबांनी ह्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले की अजून पुरेसं उडून झाल्यावर पुढे दुसरा माणूसही शेजारी बसवता येईल. तेव्हा ह्यांनी मला विचारलं की बसशील का.

मी अजून उत्तर दिलेलं नाही. मी जे म्हणेन ते हे ऐकणार आहेत, ताई.

माया आहे तेवढी पुरे, वाढवू नका. उत्तर मात्र उलट टपाली पाठवा.

तुमची,
वहिनी